बत्तीस ऑगस्ट : जुन्या कन्सोलवरील उन्हाळ्याचे व मासेमारीचे व्हिडिओ गेम आणि त्यांतील काळाची रचना

प्रास्ताविक

साहित्य, नाटक आणि चित्रपट यांची चर्चा मराठी समीक्षेत जितक्या गांभीर्याने झाली, तितकी व्हिडिओ गेम या माध्यमाची झालेली नाही. या माध्यमाचा विचार झालाच तर तो बहुधा मुलांच्या अभ्यासावरील दुष्परिणाम, हिंसा किंवा व्यसन या अंगांनी होतो. हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु एखाद्या कलाकृतीची रचना कशी आहे, ती काय सांगते आणि कसे सांगते, हा समीक्षेचा मूळ प्रश्न त्यामुळे बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात १९९७ ते २००१ या अल्प कालखंडात जपानमध्ये निर्माण झालेल्या काही गेमचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. त्यांत शत्रूचा संहार हा मुख्य व्यवहार नाही, किंवा असला तरी तो घटकाभर बाजूला ठेवला जातो. गळ टाकणे, किडे पकडणे, नदीकाठी रेंगाळणे आणि सुट्टीचे दिवस घालविणे हाच त्यांचा, किंवा त्यांतील एका महत्त्वाच्या भागाचा, विषय होय.

अशा गेमविषयी दोन मते सामान्यतः ऐकू येतात. त्यांत काही घडतच नाही, म्हणून ते निरर्थक आहेत, हे पहिले मत. ते मनाला विसावा देणारे आहेत, म्हणून चांगले आहेत, हे दुसरे. पहिले मत तक्रारीचे व दुसरे कौतुकाचे असले तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे, ते म्हणजे या गेममध्ये पणाला काही लागलेले नसते. प्रस्तुत लेखकास हे गृहीतक मान्य नाही. यांत पणाला लागलेली गोष्ट म्हणजे काळ. मासा किती हुबेहूब काढला आहे यापेक्षा, वाट पाहण्याच्या वेळेचे गेमने काय केले आहे, यावर या प्रकाराचे मूल्यमापन व्हावयास हवे.

गळ, घड्याळ आणि पाण्याखालचे दृश्य

मासेमारीचा गेम ही कल्पना नवी नव्हती. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी हॉट-बी या कंपनीने १९८७ मध्येच ‘द ब्लॅक बास’ हा गेम काढला होता. पुढे ‘कावा नो नुशी त्सुरी’, म्हणजे ‘नदीच्या स्वामीची शिकार’ अशा अर्थाच्या नावाची मालिका १९९० पासून सुरू झाली. इंग्रजीत ती ‘लिजंड ऑफ द रिव्हर किंग’ या नावाने गेली. तिच्या गेमबॉय या हातातील यंत्रावरील भागात आजारी बहिणीला बरे करणारा एक विशेष मासा शोधीत नायक नदीकाठाने हिंडतो. येथे मासेमारीला लोककथेचा साज चढविलेला आहे. गळ हे साधन आणि बहिणीचे प्राण हे साध्य, अशी ही मांडणी आहे. गळ टाकण्याला स्वतःचे कारण पुरेसे नाही, अशी शंका निर्मात्यांना वाटत असावी.

ही शंका सेगा कंपनीच्या ‘गेट बास’ या गेमने निकालात काढली, पण वेगळ्याच मार्गाने. १९९७ मध्ये तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर, आला आणि १९९९ मध्ये ‘सेगा बास फिशिंग’ या नावाने ड्रीमकास्ट या घरगुती कन्सोलवर पोहोचला. ड्रीमकास्टसाठी गळाच्या काठीची मूठ वाटावी असे एक वेगळे नियंत्रक उपकरण मिळत असे. त्याला दोरी गुंडाळण्याची फिरकी होती, हाताची हालचाल ओळखण्याची सोय होती आणि मासा लागताच ते थरथरत असे. शरीराच्या अनुकरणात त्या काळातील दुसरा घरगुती गेम याच्या जवळपासही पोहोचला असेल असे वाटत नाही. मनगटाला झटका द्यावा, फिरकी फिरवावी, ताण फार झाला की हात सैल करावा, हे सारे त्यात आहे.

तथापि या गेममधील दोन गोष्टी विचारात घेतल्या म्हणजे हे साम्य कसे फसवे आहे ते ध्यानात येते. पहिली गोष्ट उलट्या धावणाऱ्या घड्याळाची. आर्केडचा धंदा नाण्यांवर चालतो. खेळणारा निवांत बसला तर मालकाचे नुकसान. म्हणून ठराविक वेळात ठराविक वजनाचे मासे पकडले पाहिजेत, अन्यथा खेळ संपला. घरात नाणे टाकावे लागत नाही, तरी आर्केडचे हे घड्याळ गेमसोबत घरात आले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आमिष पाण्यात पडले की कॅमेराही त्याच्यामागून पाण्याखाली जातो. मासे कोठे आहेत, कोणता जवळ येत आहे, कोणाचे लक्ष विचलित झाले आहे, हे सर्व खेळणाऱ्याला स्वच्छ दिसते. प्रत्यक्ष नदीकाठी मनुष्य ज्या एका गोष्टीमुळे तासन्तास बसतो, ती म्हणजे पाण्याखाली काय आहे हे न दिसणे. ते अज्ञान येथे नाहीसे झाले आणि त्याबरोबर वाट पाहणेही नाहीसे झाले. हाताला मासेमारी मिळाली, मनाला मात्र शिकार मिळाली. गेम उत्तम आहे, खेळताना अंगावर रोमांच येतात, हे मान्य करूनही तो मासेमारीचा आहे असे म्हणताना अडखळावयास होते.

येथे माशाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ब्लॅक बास हा मूळचा जपानी मासा नव्हे. तो १९२५ मध्ये अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडण्यात आला. पुढे देशभर पसरून तो स्थानिक माशांवर ताव मारू लागला आणि २००५ मध्ये अंमलात आलेल्या परकीय आक्रमक प्रजातींविषयीच्या जपानी कायद्याखाली मोठ्या तोंडाच्या बासची वाहतूक व पाळणूक यांवर निर्बंध आले. परंतु १९९० च्या दशकात जपानी तरुणांमध्ये बास पकडण्याची लाट होती आणि ‘गेट बास’ हे त्या लाटेचे अपत्य होय. ज्या माशाला गळाला लावून पडद्यावर गुण मिळत, त्यालाच काही वर्षांनी शासनाने उपद्रवी ठरविले. हा विरोधाभास गेमच्या निर्मात्यांच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. मात्र आपण खेळतो ती नदी कोणाची, हा प्रश्न पुढे जे विवेचन करावयाचे आहे त्यास उपयोगी पडणारा आहे.

तळे आणि सावली

निन्टेन्डो ६४ या यंत्रावरील ‘द लिजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’ (१९९८) हा गेम जगाला संकटातून सोडविणाऱ्या वीराचा आहे. त्यात हायलिया सरोवराकाठी एक बंदिस्त तळे आहे. वीस रुपी (ते त्या जगातील नाणे, आपल्या रुपयाशी त्याचा संबंध नाही) देऊन तेथे हवा तितका वेळ गळ टाकता येतो. कथानायक बालपणातून एकदम सात वर्षे पुढे जातो, तेव्हा बाहेरचे सरोवर आटलेले असते, राज्य दुष्टाच्या हाती गेलेले असते, पण या खोपटातील तळे भरलेलेच असते. मोठा मासा पकडला तर बक्षीस आहे. पण बक्षीस घेऊन झाल्यावरही लोक तेथेच बसून राहत. जग वाट पाहत असताना मासे पकडीत बसणे, ही त्या वीरगाथेतील एकमेव बेजबाबदार कृती म्हणता येईल आणि गेम तीबद्दल शिक्षा करीत नाही. गळ टाकताना मालकाच्या डोक्यावरची टोपी त्यात अडकवून ओढता येते, हा खट्याळपणाही तेथे आहे.

‘दोबुत्सु नो मोरी’ म्हणजे ‘प्राण्यांचे वन’ हा गेम एप्रिल २००१ मध्ये त्याच यंत्रावर आला व पुढे ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या नावाने जगभर गेला. काळाविषयी त्याचा निर्णय सर्वांत धीट होता. या गेमच्या कार्ट्रिजमध्येच खरे घड्याळ बसविलेले होते. बाहेर रात्र झाली की आतही रात्र. बाहेर जुलै आला की आतही जुलै. काही मासे विशिष्ट महिन्यांत आणि विशिष्ट प्रहरीच मिळतात. उन्हाळ्यातील मासा हवा असेल तर उन्हाळ्याची वाट पाहण्यावाचून उपाय नाही (घड्याळाचे काटे फिरवून फसवणूक करणारे असतातच). शिवाय पाण्यात मासा दिसत नाही, केवळ त्याची सावली दिसते. सावलीच्या आकारावरून अंदाज बांधावयाचा, मासा आमिषाला हलके ढुशा देत असताना हात आवरावयाचा आणि तरंगता तुकडा पूर्ण बुडताच बटण दाबावयाचे. बटण एकच, पण सेगाच्या फिरकीने जे घालविले होते ते येथे परत आले, म्हणजे न दिसणे आणि त्यातून येणारी प्रतीक्षा.

एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. पुढे ज्याची चर्चा करावयाची आहे तो ‘बोकु नो नात्सुयासुमी’ जून २००० मध्ये प्लेस्टेशनवर आला, तेव्हा प्लेस्टेशन २ बाजारात येऊन तीन महिने झाले होते. ‘दोबुत्सु नो मोरी’नंतर पाचच महिन्यांनी जपानमध्ये गेमक्यूब आला. या दोन्ही सावकाश चालणाऱ्या कृती आपापल्या यंत्रांच्या सायंकाळी जन्मल्या. यंत्र नवे असते तेव्हा निर्मात्याला त्याची ताकद दाखवावयाची घाई असते. ते जुने झाले की तशी घाई उरत नाही, आणि या सावकाश गेमना जागा मिळाली असावी ती त्यामुळेच.

‘बोकु नो नात्सुयासुमी’ : एकतीस दिवसांचे गणित

‘बोकु नो नात्सुयासुमी’ म्हणजे ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’. मिलेनियम किचन या छोट्या संस्थेने तो घडविला, सोनीने प्रकाशित केला आणि काझ आयाबे हे त्याचे रचनाकार. जपानीत ‘बोकु’ हे मुख्यतः मुलगे व पुरुष यांनी स्वतःसाठी वापरावयाचे ‘मी’ आहे; आणि या गेममधील नऊ वर्षांच्या मुलाचे नावही ‘बोकु’च आहे. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, ते क्रियापदातून कळते, त्यामुळे हे शीर्षक मराठीत आणताना त्यातील मुलगा हरवतो.

वर्ष १९७५. बोकुच्या आईचे दिवस भरत आले आहेत, म्हणून त्याला ऑगस्ट महिन्यापुरते डोंगराळ खेड्यातील नातेवाइकांकडे पाठविले जाते. (जपानी भाषेतील ‘ओजी’ व ‘ओबा’ हे शब्द आईकडचे आणि वडिलांकडचे असा भेद करीत नाहीत, मराठीला मात्र काका की मामा हे ठरविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. येथे ‘नातेवाईक’ हाच शब्द सोयीचा.) सकाळी रेडिओच्या तालावर कवायत, न्याहारी, दिवसभर रानात भटकणे, भुंगेऱ्यांची कुस्ती लावणे, पतंग, मासे, रात्री सर्वांबरोबर जेवण आणि झोपण्यापूर्वी चित्रमय रोजनिशीचे एक पान. अशी एकतीस पाने. कथा सांगणारा आवाज मात्र प्रौढ बोकुचा आहे. म्हणजे खेळणारा जे करतो ते त्याच क्षणी भूतकाळात जमा होत असते.

प्रत्येक दृश्य हे स्थिर रंगविलेले चित्र आहे. घर, पायवाट, पूल, नदी अशी चित्रे एकमेकांना जोडलेली आहेत आणि साध्या रेषांची पात्रे त्यांवर हिंडतात. या पात्रांची आखणी चित्रकार मिनेको उएदा यांची आहे. आता मुख्य मुद्दा असा की, येथे काळ पुढे सरकतो तो एका चित्रातून दुसऱ्या चित्रात गेल्यावर. मुलगा ज्या दृश्यात उभा आहे तेथे तो कितीही रेंगाळला तरी सूर्य ढळत नाही. पाऊल पुढे टाकले की दिवस थोडा खर्च होतो. नदीकाठी थांबलेल्या मुलाला घड्याळाचे भय नाही. भय आहे ते निघून जाण्याचे.

ही योजना प्रथमदर्शनी यंत्राच्या मर्यादेतून आलेली तडजोड वाटते आणि कदाचित तशी असेलही. परंतु तिचा परिणाम विलक्षण आहे. सेगाच्या गेममध्ये वेळ बाहेरून येऊन मानगुटीवर बसते. ‘प्राण्यांच्या वनात’ वेळ खेळणाऱ्याची पर्वा न करता चालते. बोकुच्या खेड्यात वेळ ही खिशातील नाण्यांसारखी आहे. आज डोंगरावर गेलो तर नदीचा दिवस गेला. ओढ्यापलीकडे काय आहे ते पाहावयाचे तर परतताना संध्याकाळ होईल. लहानपणीच्या सुट्टीचे गणित असेच असते. त्या वयात तास मोजले जात नाहीत, जाणे-येणे मोजले जाते. गळ टाकण्याची कृती या गेममध्ये तांत्रिक दृष्ट्या अगदी सामान्य आहे. सेगाच्या तुलनेत तर ती बालिश म्हणावी लागेल. तरीही तीत मासेमारीचा काळ अधिक खरा उतरला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण नदीकाठी थांबणे हाच येथे दिवस न संपविण्याचा एकमेव उपाय आहे.

जपानी कलाकृतीत क्षणभंगुरता दिसली की मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) या विद्वानाने मांडलेली ‘मोनो नो आवारे’ ही संज्ञा चिकटविण्याची समीक्षकांना सवय जडली आहे. प्रस्तुत लेखकास ती येथे अनावश्यक वाटते. या गेममधील हुरहुर तत्त्वज्ञानापेक्षा शाळेच्या वेळापत्रकातून अधिक आली आहे. जपानी शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागते, बहुतेक भागांत ३१ ऑगस्टला संपते आणि १ सप्टेंबरला शाळा भरते. तेथील मुख्य पावसाळा जून–जुलैमध्येच आटोपलेला असतो. ऑगस्टच्या मध्यावर पूर्वजांचे स्मरण करण्याचा ओबोन हा सण येतो. त्यानंतर उतरण सुरू होते. महाराष्ट्रातील सुट्टीचा शेवट याच्या नेमका उलट आहे. मे महिन्याच्या काहिलीनंतर जूनमध्ये शाळा आणि पाऊस बरोबरच येतात. सुट्टी संपल्याचे दुःख पहिल्या सरीच्या आनंदात मिसळून जाते. आपल्याकडे उन्हाळा संपावा असे वाटते, तेथे संपू नये असे. मराठी वाचकाने ‘मामाचे गाव’ ही आपली कल्पना या गेमवर बसविताना हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. खेडे, अंगण, भावंडे हे सारे जुळते, पण ऋतूचा शेवट जुळत नाही.

स्वच्छ नदीचा आक्षेप

या गेमवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७५ चे जपान असे निर्मळ होते काय? १९७३ च्या तेलसंकटाचा धक्का ताजा होता. खेड्यांतील तरुण शहरांकडे जाऊन गावे ओस पडू लागली होती. मासे या विषयापुरते बोलावयाचे तर मिनामाता या नावाची आठवण अपरिहार्य आहे. चिस्सो या कंपनीच्या कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांवाटे माणसांच्या शरीरात गेला. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची आणि कंपनीला जबाबदार धरणारा कुमामोतो न्यायालयाचा निकाल मार्च १९७३ चा, म्हणजे बोकुच्या सुट्टीच्या अवघी दोन वर्षे आधीचा. त्या काळातील जपानी मुलासाठी मासा ही केवळ आनंदाची वस्तू नव्हती.

मिनामाता समुद्रकाठी आहे आणि बोकु डोंगरात आहे, असे उत्तर देता येईल. ते पुरेसे नाही. स्मृतिरम्यता जे वगळते तेही समीक्षेने वाचले पाहिजे. येथे गेमच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते. कथा प्रौढ बोकु सांगत आहे आणि आपण आठवत आहोत हे तो लपवीत नाही. रंगविलेली स्थिर चित्रे स्वतःच कबुली देतात की, हे खेडे जसे होते तसे नसून जसे आठवते तसे आहे. बासच्या तळ्याने अशी कोणतीही कबुली दिली नव्हती. परंतु २००२ मध्ये समुद्रकिनारी, २००७ मध्ये होक्काइदोत आणि २००९ मध्ये सेतोच्या अंतर्देशीय समुद्रकाठी, असे या मालिकेचे पुढील भाग निघाले, तेव्हा ही कबुली हळूहळू ठराविक सजावटीसारखी होत गेली की काय, अशी शंका येते. पहिल्या भागातील काटकसर तिला आवर घालीत होती.

बत्तीस ऑगस्ट

पहिल्या भागात एक दोष राहून गेला होता. ठराविक रीतीने काही कृती केल्या तर ३१ ऑगस्टनंतर खेळ संपत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडते. जपानी खेळाडूंमध्ये हा दोष ‘८ गात्सु ३२ निची’, म्हणजे ‘३२ ऑगस्ट’, या नावाने प्रसिद्ध झाला. या दिवसासाठी निर्मात्यांनी काहीच रचलेले नसल्यामुळे घर रिकामे होते. माणसे दिसेनाशी होतात, बोकुची आकृती विस्कटते, रोजनिशीच्या पानावर अर्थहीन चिन्हे उमटतात. पुढे जावे तितकी मोडतोड वाढत जाते. कोणाचाही हेतू नसताना या सौम्य गेमच्या पोटातून एक भयकथा बाहेर आली.

संगणकाच्या दृष्टीने येथे केवळ स्मृतीतील चुकीची जागा वाचली गेली; समीक्षेने अपघाताला अभिप्राय चिकटवू नये, हे तत्त्व प्रस्तुत लेखकही मानतो. तरीसुद्धा हा अपघात गेमच्या रचनेबद्दल काहीतरी सिद्ध करून जातो. त्या खेड्यातील काकडी, सिकाडांचा आवाज, गळाला लागलेला चिमुकला मासा यांना जे मोल होते, ते त्यांच्या चित्रणात नव्हते. ते एकतीस या आकड्यात होते. संपू नये असे वाटणारी सुट्टी खरोखरच संपली नाही, तेव्हा तीत सुट्टी उरली नाही. ‘मनाला विसावा देणारा गेम’ हे वर्णन या दिवशी निकामी ठरते.

यंत्रे आणि वाचन

पहिला ‘बोकु नो नात्सुयासुमी’ इंग्रजीत अधिकृतपणे कधीच आला नाही. दुसऱ्या भागाचे इंग्रजी भाषांतर २०२३ मध्ये झाले, तेही चाहत्यांनी स्वखुशीने केलेले. आयाबे यांच्याच रचनेचा, पण ‘शिन-चॅन’ या पात्राला नायक केलेला, उन्हाळी सुट्टीचा गेम जपानमध्ये २०२१ मध्ये व बाहेर २०२२ मध्ये आला. हिंदी रूपांतरामुळे शिन-चॅन मराठी घरांतील मुलांच्या ओळखीचा आहे. त्याच्यामागे बोकु उभा आहे हे मात्र त्यांना सहसा ठाऊक नसते.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला विकल्या जात. कार्ट्रिजला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू, ती चालली नाही तर फुंकर मारून पुन्हा लावत असू आणि मे महिन्याच्या दुपारी त्यावर मारिओ व कॉन्ट्रा खेळत असू. नदीकाठी बसण्याचा गेम त्या कॅसेटींत सहसा नसे. उन्हाळा होता, पण तो खिडकीबाहेर होता.

आज या कृतींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मूळ यंत्रे मिळविणे कठीण होत चालले आहे. चकत्यांवर ओरखडे पडतात, वाचणारी भिंगे थकतात. ‘दोबुत्सु नो मोरी’च्या कार्ट्रिजमधील घड्याळ एका लहानशा बॅटरीवर चालते आणि २००१ मधल्या बॅटऱ्या एकेक करून संपत आहेत. बॅटरी संपली तरी गाव उघडते, नदी वाहते, सावल्याही पोहतात. फक्त यंत्र बंद असताना बाहेर किती दिवस गेले, हे त्या गावाला कळेनासे होते. ती बॅटरी पाट्यावर डाग देऊन बसविलेली आहे. बदलावयाची तर कार्ट्रिज उघडून जुना डाग सोडवावा लागतो, नवी बॅटरी बसवावी लागते आणि मग आजची तारीख हाताने भरावी लागते.